फेरनिरीक्षणाचे तीस दिवस

सात पूर्णांक चार. चिठ्ठीवर एवढाच आकडा होता आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ: 'लक्ष्यकिरण उपचारासाठी अपात्र.' मंगल मगदूमनं ती ओळ तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचायला घेतली तेव्हा तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली होती.

"म्हणजे काय हो डॉक्टर? हे सात वर्षांत जाणार, असं म्हणतंय व्हय ते यंत्र?"

"अंदाज आहे तो, काकू," डॉ. तहसीन मुजावर म्हणाल्या. वयानं मंगलच्या मुलीएवढ्या. पण चेहरा असा ओढलेला, की अशा चिठ्ठ्या त्या रोज दहा जणांच्या हातात ठेवत असाव्यात. "उपचार मिळायला दहा लागतात."

शेजारी विलासराव ताठ बसले होते. सांगलीच्या बसस्थानकात एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस. वय त्र्याहत्तर, आवाज अजून खणखणीत, रोज सकाळी कृष्णेत उतरून पलीकडच्या काठाला हात लावून येणार. आणि याला म्हणे सात वर्षं! मंगलला ती चिठ्ठी फाडून त्या यंत्राच्या तोंडात कोंबावीशी वाटली. पण यंत्राला तोंड कुठलं असायला.

विलासरावांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला होता. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खालची अक्रोडाएवढी ग्रंथी. साठी उलटलेल्या कितीतरी पुरुषांत तिच्यात कर्करोगाच्या पेशी सापडतात, आणि त्यांतल्या पुष्कळांचा रोग इतका आळशी असतो की माणूस दुसऱ्याच कशानं तरी जातो. म्हणून डॉक्टरांपुढचा प्रश्न जुनाच होता: या म्हाताऱ्याला हा रोग नेईल, की त्याआधी हृदय नेईल? पुढं दहा वर्षं नसतील तर उपचारांचा त्रास तेवढा पदरात पडायचा. पूर्वी हे नजरेनं ठरवलं जाई आणि धडधाकट माणसंही 'आता वय झालं' म्हणून परत पाठवली जात. आरोग्य योजनेत 'आयुर्शेष' हे यंत्र आलं ते ही चूक दुरुस्त करायला. पेशींमधल्या जनुकांवर वयाबरोबर रासायनिक खुणा चढत जातात. रक्ताच्या थेंबातून त्या मोजायच्या. हृदयाचा आलेख, हाताची पकड, चालण्याचा वेग हेही त्यात धरायचं. पण सगळ्यांत जास्त वजन होतं ते 'दैनंदिन स्वावलंबना'ला. लाखो वृद्धांच्या नोंदींवरून यंत्र शिकलं होतं की जो माणूस स्वतःचं अन्न शिजवत नाही, स्वतःच्या गोळ्या काढून घेत नाही, तो लवकर जातो. त्या नोंदींपुरतं ते खरंही होतं.

त्यासाठी पासष्टीच्या पुढच्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आणि न्हाणीच्या दाराशी एकेक डबी बसवलेली असे. ती फोटो काढत नव्हती, ऐकत नव्हती. रेडिओलहरींनी नुसती हालचाल टिपायची आणि चालीवरून माणूस ओळखायची. भिंतीला चिकटून असते म्हणून सगळी सांगली तिला पाल म्हणायची.

"हे बघा," डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "काकांचं रक्त, हृदय, पकड, सगळं साठीच्या माणसासारखं. पण गेल्या वर्षभरात त्यांनी स्वयंपाकघरात स्वतः काही केल्याची नोंद शून्य. गोळ्या दुसऱ्या कुणीतरी हातावर ठेवल्या. आंघोळीचं पाणी दुसऱ्यानं काढलं, कपडे दुसऱ्यानं काढून दिले."

"दुसऱ्यानं म्हणजे मी!"

"हो. आणि प्रश्नावलीतही काकांनी तेच सांगितलंय."

ती प्रश्नावली भरताना मंगल तिथंच होती. 'स्वतःचा चहा स्वतः करू शकता का?' या प्रश्नावर विलासराव मिशीत हसून म्हणाले होते, "आमच्यात तशी पद्धत न्हाई." कशी ऐट होती तेव्हा त्या बोलण्यात! यंत्राकडे पद्धतीसाठी रकाना नव्हता. त्यानं फक्त 'नाही' तेवढं उचललं. माणूस एखादी गोष्ट करत नाही म्हणजे त्याला ती करता येत नाही, एवढंच त्याला शिकवलेलं.

"अहो, नदी पोहून येतात हे!"

"पाल नदीवर जात नाही, काकू." डॉक्टरांचा आवाज एकदम चढला. "मी हातानं लिहून पाठवलं होतं, हा माणूस ठणठणीत आहे म्हणून. माझ्या मताला गुण नाहीत. आणि काकांची गाठ आळशी नाही हो, चांगली तापट जात आहे. आज ग्रंथीतच आहे. दोन-तीन वर्षांत हाडात उतरेल."

त्यावर औषध होतं, म्हणून तर जास्त आग व्हायची. लक्ष्यकिरण म्हणजे शिरेतून द्यायचे चार डोस. त्यातला रेणू प्रोस्टेटच्या रोगट पेशीला शोधून बरोबर तिलाच चिकटतो, आणि त्याच्या पाठीवर बसवलेला किरणोत्सर्गी अणू तिथल्या तिथं तिला जाळतो. आसपासच्या शरीराला फारशी झळ लागत नाही. पण तो अणू अणुभट्टीतून निघाल्यापासून आठवड्यात निम्मा विरतो, साठवून ठेवता येत नाही. जिल्ह्याला महिन्याला तीस रुग्णांपुरता यायचा. म्हणून रांग, म्हणून दहाची अट.

"फेरनिरीक्षण मागता येतं," डॉक्टर म्हणाल्या. "एकदाच. तीस दिवस. त्यात काकांनी सगळं स्वतः करायचं. तुम्ही त्यांच्या कशाला हात लावला की ती मदत म्हणून धरली जाईल. एका कुकरात दोघांचा भात असतो, म्हणजे तुम्ही स्वयंपाकघरात न जाणंच बरं."

मंगलनं मान डोलावली. तिचा स्वतःचा आकडा गेल्या वर्षी चौदाच्या वर आला होता. त्यावरच तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन मंजूर होऊन दिवाळीनंतरची तारीख मिळाली होती. तीस दिवस बसायला मिळालं तर तिचे गुडघे काही तक्रार करणार नव्हते.

घरी आल्यावर विलासरावांनी चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मंगल, च्या टाक."

सवयीनं तिची दोन पावलं पडलीही. मग ती थांबली.

"न्हाई."

"काय न्हाई?"

"तुम्ही टाका. परवा एक तारीख हाय. त्याच्या आत शिकून घ्या."

विलासराव हसले. ती हसत नाही म्हटल्यावर त्यांचा पारा चढला. "अख्ख्या स्टँडला वळण लावलं मी. माझ्या आवाजावर गाड्या सुटत होत्या. आता त्या भिंतीवरच्या पालीला दाखवायला भांडी घासत बसू? त्यापरीस मेलेलं बरं."

"मरा की मग!" मंगल अशी ओरडली की स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "पर मरताना मला संगट घेऊन मरू नका. एकोणपन्नास वर्षं तुमच्या हातात ताट दिलं, पाणी दिलं, गोळी दिली. ते सगळं त्या यंत्रानं तुमच्या जिवावर उलटवलं. मी तुम्हाला मारायलीय, माझ्या ह्या हातांनी, असं त्या चिठ्ठीत लिवलंय. कळतंय का तुम्हाला?"

"हळू बोल."

"का हळू? सगळं हळूच केलं आजवर. दोन वर्षं रोज पहाटं तुमचा ओला पायजमा कोण धुतंय?"

विलासरावांचा चेहरा खर्रकन उतरला. लघवीवरचा ताबा सुटायला लागला तेव्हापासून ते पायजमा गुंडाळून न्हाणीत बादलीमागं सारायचे. दुपारपर्यंत तो घडी होऊन कपाटात असायचा. त्यावर नवराबायकोत एक अक्षर निघालं नव्हतं. न बोलण्याचा असा चोख करार त्यांच्या संसारात दुसरा नव्हता.

"तुम्ही बोलला न्हाई, मी बोलले न्हाई," ती म्हणाली. आता तिचे डोळे वाहत होते आणि त्याचाही तिला राग येत होता. "तुमची अब्रू झाकली मी. त्याच्या संगट रोग बी झाकला. दोन वर्षांमागं कुणीतरी तोंड उघडलं असतं तर आज ह्या यंत्राच्या दारात उभं राहायची पाळी आली नसती."

ते उठून बाहेर गेले. चहा कुणीच केला नाही.

एक तारखेला पहाटे मंगलला जाग आली ती नळाच्या आवाजानं. न्हाणीच्या दारातून तिनं पाहिलं तर विलासराव उकिडवे बसून पायजमा घासत होते. अख्खी न्हाणी फेसानं भरली होती, एवढा साबण तिनं महिनाभर पुरवला असता. तिचा हात पुढं झाला. तिनं तो पदराखाली घेतला आणि खोलीत परतली.

पुढचे दिवस म्हणजे तिला शिक्षा होती. पाल ऐकत नसे, त्यामुळं तोंडानं सांगायला बंदी नव्हती. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून सांगायची आणि विलासराव आत धुसफुसत करायचे. पहिला चहा शेगडीवर सांडला. दुसऱ्यात साखर विसरले. कुकरमध्ये भांड्याखाली पाणी घालतात हे त्यांच्या गावीच नव्हतं. तो करपला तेव्हा वास दोन गल्ल्या गेला.

"सांगितलं का न्हाईस?"

"पाणी घालायचं असतंय हे सांगावं लागतंय, हे मला काय ठाऊक!"

भाजी चिरताना बोट कापलं तेव्हा ती धावलीच. उंबऱ्यावर आली आणि तिथंच थबकली. आत भिंतीवर पाल बसलेली, हिरवा ठिपका डोळ्यासारखा रोखून. नवरा रक्ताळलेलं बोट तोंडात घालून उभा, आणि चार पावलांवर बायको, हळदीच्या डब्याकडे नुसतं बोट दाखवतेय. असली वेळ कुणावर आणू नये. डबा त्यांनी तिसऱ्या फळीवरून शोधून काढला.

नवव्या दिवशी त्यांना पिठलं जमलं. साधंसुधं नव्हे, चांगलं जमलं. लसूण बरोबर तांबूस झालेला, गुठळी एक नाही. "कसं हाय?" त्यांनी अशा उत्सुकतेनं विचारलं की तिला बरं वाटायला हवं होतं. घास गिळताना तिला मात्र संताप आला. नऊ दिवसांत जमण्याजोगं होतं तर हे! अंगात ताप असताना ती याच ओट्याशी उभी राहिली होती. बाळंत झाल्यावर बाराव्या दिवशी उभी राहिली होती, बाप गेल्याची तार आली त्या दिवशीही आधी ह्यांचा डबा भरून मगच एसटीत बसली होती. नऊ दिवस. कुणीतरी तिला एवढं आधी सांगायला हवं होतं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. मीठ बरोबर होतं.

बाविसाव्या दिवशी तासगावहून सुशीला आक्का आल्या. विलासरावांची थोरली बहीण, ऐंशीला टेकलेल्या, भावावर जीव टाकणाऱ्या. दारात पाऊल टाकलं तर भाऊ खरकटी ताटं घेऊन मोरीकडे निघालेला आणि भावजय खुर्चीत. आक्कांनी पिशवी खाली टाकली.

"काय गं हे? माझा भाऊ आजारी, आणि तू म्हाराणीवाणी बसून बघायलीस? आण रे विलास ते इकडं."

"आक्का, हात लावू नका!"

"मी सख्खी बहीण हाय त्याची. मला सांगतीस?" आणि त्यांनी ताट धरलंच.

मंगल उठली. गुडघे कळवळले, पण उठली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आक्कांची वाट अडवून उभी राहिली. "त्या उंबऱ्याच्या आत तुम्ही ते ताट नेलं, तर तुमच्या भावाची तीन वर्षं उरतील. सांगून ठेवते. तुमची माया, माझी माया, ह्याच्या आईची माया, सगळ्यांनी मिळून ह्याला पांगळा केलाय. धड माणूस पांगळा केलाय! ठेवा ते ताट."

आक्का तोंडाचा आ वासून भावाकडे बघत राहिल्या. तो बाजू घेईल अशी त्यांची खात्री होती. विलासरावांनी बहिणीच्या हातातून ताट हळूच काढून घेतलं. "बस आक्का," ते म्हणाले. "तुला च्या करतो. बरा करतो आता." आक्का तो चहा पिताना रडत होत्या. मंगलनं त्यांची समजूत काढली नाही.

तीस दिवस झाले. निकालाला पुन्हा त्याच खोलीत, डॉ. मुजावरांसमोर. या वेळी डॉक्टर आधीच हसत होत्या.

"बारा पूर्णांक दोन! पुढच्या सोमवारी पहिला डोस."

चिठ्ठीची चार वेळा घडी घालून विलासरावांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात दाबून धरला. मंगलच्या छातीवरचा धोंडा उतरला. तेवढ्यात छपाई यंत्रातून आणखी एक चिठ्ठी सरकत बाहेर आली. डॉक्टरांनी ती उचलली आणि त्यांचं हसू विरलं.

"ही कुणाची?" मंगलनं विचारलं.

"तुमची, काकू."

आठ पूर्णांक एक. खाली तीच बारीक ओळ, फक्त उपचाराचं नाव वेगळं: गुडघे प्रत्यारोपण, मंजुरी रद्द.

घरात माणसं दोन होती. पालीनं दोघांनाही पाहिलं होतं. वर्षानुवर्षं दिवसाचे दहा तास स्वयंपाकघरात वावरणारी बाई एका तारखेला एकाएकी थांबली, महिनाभर आत फिरकली नाही. आणि असं एकाएकी थांबणं हे यंत्राच्या लेखी सगळ्यांत वाईट लक्षण होतं. वर्षं संपत आल्याचं.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," डॉक्टर पुटपुटल्या. "मीच तुम्हाला आत जाऊ नका म्हटलं."

मंगल हसली. ते हसू ऐकून बाहेरच्या नर्सनं आत डोकावून पाहिलं.

"एकोणपन्नास वर्षं राबले तर ह्यांचा आकडा खाली. तीस दिवस बसले तर माझा खाली. आता मी काय केलं म्हणजे बरोबर होतंय, ते एकदा त्या मुडद्याला विचारून सांगा की मला!" तिनं मूठ टेबलावर आपटली, पेल्यातलं पाणी हिंदकळलं. "त्यानं मला एवढी वर्षं बघितलंय. दिवसाचे दहा-दहा तास. एकदा तरी मोजलं का, मी कुणासाठी करत होते?"

बोलले ते विलासराव, बसस्थानकातल्या त्या जुन्या आवाजात, भिंती हादरतील असं. "माझा डोस थांबवा. आधी हिचं नीट करा. हिचे गुडघे ह्याच घरात झिजल्यात, माझ्यापायी झिजल्यात!"

"अहो, खाली बसा," मंगल म्हणाली. "तुमचा थांबवून माझं काय नीट होतंय?" पण त्या ओरडण्याचं तिला समाधान वाटलं. पन्नास वर्षांत हा माणूस तिच्यासाठी पहिल्यांदा कुणावर तरी ओरडला होता.

मार्ग एकच होता. तिनंही फेरनिरीक्षण मागायचं. तीस दिवस तिनं स्वतःचं सगळं करून दाखवायचं. विलासरावांचं मात्र चौथा डोस होईपर्यंत निरीक्षण चालूच राहणार होतं, म्हणून त्यांच्या कशाला हात लावायचा नाही. त्यात डोसानंतरचा आठवडाभर त्यांच्या अंगातून थोडे किरण निघत राहणार. तोवर सहा फुटांचं अंतर, वेगळं अंथरूण, वेगळी भांडी.

पहिल्या डोसानंतरच्या सकाळी विलासराव आतल्या खोलीत पडून होते. तोंडाला कोरड, अंगात त्राण नाही, तसं होईल असं सांगितलेलंच होतं. "मंगल," त्यांनी हाक मारली, "जरा च्या..." आणि मध्येच थांबले.

तिच्याही तीस दिवसांची ती पहिली सकाळ होती; महिन्याभरानं मंगल पुन्हा ओट्यापाशी उभी राहिली. डबे जागचे हलले होते, साखर डावीकडे, चहापत्ती खिडकीत. दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं झालं. भिंतीवर हिरवा ठिपका. बघ, तिनं मनात म्हटलं, बघ काय बघायचंय ते. हात सवयीनं मोठ्या पातेल्याकडे गेला. तो मागं घेऊन तिनं लहान पातेलं उतरवलं आणि एक कप पाणी मोजून घातलं.

चमच्यात साखर भरली आणि तिचा हात हवेतच राहिला. किती? त्यांना दोन चमचे लागतात, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. सासऱ्यांना अडीच लागायचे, मुलीला दीड. ती स्वतः उरलेला प्यायची, गाळण्याखालचा, जसा असेल तसा. तिला स्वतःला किती लागते, हे एकोणसत्तराव्या वर्षी तिला ठाऊक नव्हतं. रागानं तिचे कान गरम झाले, आणि हा राग ना यंत्रावर होता, ना नवऱ्यावर.

तिनं एक चमचा घातला. उकळी आल्यावर बशीत थेंबभर ओतून चाखलं. फिका. अर्धा आणखी घातला, पुन्हा चाखलं.

मागं पावलं वाजली. विलासराव भिंतीला धरून आले होते आणि स्वयंपाकघराच्या दारापासून सहा फुटांवर उभे होते, आपला वेगळा कप हातात घेऊन, तिनं ओटा मोकळा करायची वाट बघत. चेहरा पांढरा पडलेला.

मंगलनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पातेल्याकडे.

"थांबा," ती म्हणाली. "माझा व्हायचाय अजून."

तिनं पाव चमचा साखर घेतली आणि पुन्हा चाखून बघितलं.